शेतीचें अवजार, खिशांतील चाकू आणि पोलिसांचा अधिकार

हिंगोली जिल्ह्यांतील कास्तकारांस विळा, कोयता, कुऱ्हाड व चाकू यांवांचून एक दिवसहि चालत नाहीं. वसमतेकडील ऊंस असो, हळदीचा पाला कापणें असो, कीं घरच्या आंब्यावर कलम बांधावयाचें असो, पातें हाताशीं लागतेंच. हीं अवजारें आठवडी बाजारीं किंवा औंढ्याच्या यात्रेस जातांना बरोबर राहिलीं तर कायदा आड येईल अशी शंका बहुतेकांस येत नाहीं. शेतीच्या अवजारास मुभा आहे, एवढें ऐकीव ज्ञान पुरेसें समजलें जातें. तें ज्ञान खोटें नाहीं, पण अर्धें आहे.

मुभा आहे ती १९५९ च्या शस्त्र अधिनियमांत. १८७८ चा जुना कायदा जाऊन हा नवा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आला. त्याच्या दुसऱ्या कलमांतील शस्त्राच्या व्याख्येंत बंदुकीबरोबर धारदार व प्राणघातक हत्यारेंहि येतात; मात्र केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठीं बनविलेल्या वस्तू, जसें लाठी किंवा हातांतील साधी काठी, वगळल्या आहेत. यांतील 'केवळ' हा शब्द वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावा. विळा शेतीचा आहे हें पाहतांच कळतें. बटण दाबतांच उघडणारा चाकू ऊंसतोडीसाठीं घेतला असें कोणीं सांगितल्यास फौजदारास हंसूं येईल.

मापाचाहि एक नियम आहे. या कायद्याखालील नियमांच्या पहिल्या अनुसूचींत, पांचव्या वर्गांत, तलवार, गुप्ती, खंजीर, भाला यांच्या जोडीला ज्याचें पातें ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद आहे असा चाकू घातला आहे. शेतकी, घरगुती, शास्त्रीय व औद्योगिक कामाचीं पातीं तेथूनहि वगळलीं आहेत. अशा शस्त्रास परवाना लागतो तो चौथ्या कलमाप्रमाणें, आणि राजपत्रांतील अधिसूचनेनें तें कलम ज्या प्रदेशास लावलें असेल तेथेंच. शिक्षा पंचविसाव्या कलमांत, एक ते तीन वर्षें कैद व दंड. वर्तमानपत्रांत '४/२५ खालीं गुन्हा' असें छापून येतें तें हेंच. दिल्लींत १९८० च्या अधिसूचनेनें ७.६२ सेंटिमीटर व त्याहून लांब पात्याच्या बटणाच्या चाकूवरहि बंधनें घातलीं; म्हणून एका प्रांताचें माप दुसऱ्या प्रांतांत सांगूं नये. वाढदिवसाची पोळी तलवारीनें कापून तिचीं छायाचित्रें प्रसिद्ध करणाऱ्या तरुणांनीं तर मापाचा वाद घालूंच नये.

आतां राहिलेलें अर्धें. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, ज्यास पूर्वीं मुंबई पोलीस अधिनियम म्हणत, त्याच्या कलम ३७ पोटकलम १ प्रमाणें जिल्हादंडाधिकारी यांस सार्वजनिक शांततेसाठीं जाहीर आदेश काढून तलवारी, भाले, बंदुका, चाकू, काठ्या, लाठ्या आणि शारीरिक इजा करण्यास उपयोगी पडेल अशी कोणतीहि वस्तु बरोबर नेण्यास मनाई करतां येते. येथें शेतीच्या अवजारांस वगळणारें एकहि वाक्य नाहीं. जी लाठी शस्त्र अधिनियमानें मोकळी सोडली तीच येथें नांव घेऊन धरली आहे! आदेश मोडल्यास कलम १३५ प्रमाणें एक वर्षापर्यंत कैद व दंड होतो, आणि विशेष कारणें लिहून ठेवल्याखेरीज न्यायाधीशास चार महिन्यांहून कमी कैद देतां येत नाहीं.

असे आदेश सणवार, निवडणुका, मोर्चे यांच्या सुमारास निघतात. हिंगोलीचा दसरा घ्या. त्या दिवशीं आपण घरीं अवजारांची पूजा करतों; पूजेनंतर धार लावण्यासाठीं कोयता दुचाकीस अडकवून कोणी शहरांत आला आणि परततांना गर्दींत शिरला, व त्या वेळीं मनाई आदेश चालू असला, तर 'हा शेतीचा कोयता आहे' हें उत्तर पुरें पडत नाहीं. म्हणून आदेश निघाल्यावर तो पुरा वाचावा; सवलतीचें कलम असल्यास तेंहि पाहावें.

आदेश नसतांनाहि पोलिसांच्या विवेकास वाव आहे. शस्त्र अधिनियमाच्या विसाव्या कलमाप्रमाणें, परवाना असो वा नसो, शस्त्र बेकायदा हेतूनें नेलें जात आहे असा रास्त संशय येण्याजोगी परिस्थिति असेल तर वॉरंटावांचून अटक होऊं शकते. संशय रास्त कीं नाहीं हें रस्त्यावर उभा असलेला अंमलदार प्रथम ठरवितो, न्यायालय फार मागाहून. तो पाहतो वेळ, जागा, पातें उघडें कीं गुंडाळलेलें, आणि माणूस कोण. या शेवटच्या गोष्टींतच अन्याय शिरतो. मालकाची मोटार सहसा कोणी थांबवीत नाहीं. ऊंसतोड मजुराच्या पिशवींतील कोयता मात्र चटकन दिसतो. पारध्यांसारख्या जमातींवरील गुन्हेगारीचा शिक्का १९५२ सालीं कायद्यांतून पुसला गेला, लोकांच्या डोळ्यांतून तो पुरा पुसला गेलेला नाहीं. आपल्या कामासाठीं मजूर आपलें अवजार घेऊन परगांवीं जात असेल, तर कामाचें ठिकाण, तारीख व आपली सही असलेली चिठ्ठी त्यास देणें हें मालकाचें काम आहे. चिठ्ठी म्हणजे परवाना नव्हे आणि मनाई आदेशापुढें तिचें चालत नाहीं. परंतु हेतूबद्दलचा संशय तिनें पुष्कळसा फिटतो. पातें गोणपाटांत बांधावें, सरळ कामावर जावें, चहाच्या दुकानीं तें बाहेर काढूं नये.

जप्ती झालीच तर हुज्जत घालूं नये. पंचनाम्यांत पात्याची लांबी-रुंदी व वस्तूचें खरें वर्णन लिहिलें आहे काय तें पाहूनच सही करावी. 'कोयता' च्या जागीं नुसतें 'धारदार शस्त्र' असेल तर दुरुस्ती मागावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणें झडती-जप्तीचें ध्वनिचित्रमुद्रण व्हावयाचें असतें. साठीपलीकडील किंवा अशक्त माणसास, गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षांहून कमी असल्यास, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीवांचून अटक करतां येत नाहीं. कलम १३५ चा गुन्हा त्यांतच बसतो. मनाई आदेशाखालीं जप्त झालेली वस्तु सरकारजमा होते. शस्त्र अधिनियमाखालीं घेतलेलें अवजार शेतीचें असेल, तर तें परत मिळण्यासाठीं दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करतां येतो. अर्जासोबत लोहाराची पावती व सात-बारा जोडावा.