युक्त आहार, युक्त विहार : दुखऱ्या पाठीसाठी गीतेचे दोन श्लोक

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 6, श्लोक 16 आणि 17. जोडीला अध्याय 17, श्लोक 5 आणि 6.



गेल्या काही आठवड्यांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारली. "सकाळी उठल्यावरच थकल्यासारखं वाटतं, जपाला बसलं की पाठ दुखते, मन कसं लागणार?" कुणी आयटीत आहे, कुणी रोज दोन तास लोकलमध्ये उभं राहतं. वय पंचवीस-तीस, आणि मान-पाठ-खांदा मात्र साठीचा! म्हणून आजचं चिंतन शरीरावर.

श्लोक काय सांगतो

सहावा अध्याय ध्यानाचा. आसन कसं असावं, नजर कुठे असावी, हे सांगून झाल्यावर भगवान एकदम जेवणाखाण्यावर येतात. फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. पुढच्या श्लोकात ते चार गोष्टी मापात ठेवायला सांगतात : आहार, विहार म्हणजे हिंडणं-फिरणं, कामातली धडपड आणि झोप-जाग. हे ज्याचं मापात आहे, त्याचा योग दुःख हरण करणारा होतो.

मला यात दोन गोष्टी फार मोलाच्या वाटतात. एक, चौघांनाही शब्द एकच लावलाय, "युक्त". युक्त म्हणजे कमी नव्हे, योग्य. ज्याला जेवढं लागतं तेवढं. दुसरी, हे सगळं ध्यानाच्या अध्यायात आलंय, वैद्याच्या पुस्तकात नाही. म्हणजे रात्री किती वाजता झोपलो हा आपल्या साधनेचाच भाग आहे.

आपल्या मातीतली दोन माणसं

माझं घर रोह्याचं आणि आजोळ पेणजवळ हमरापूरला. दिवा-रोहा गाडीने पेणहून निघालं की कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा. एवढ्याशा पट्ट्यात गीता जगलेली दोन मोठी माणसं जन्मली, हे आपल्यातल्या कितीतरी जणांना ठाऊक नसतं.

विनोबा भावे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. जन्म 11 सप्टेंबर 1895. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यात सहाव्या अध्यायावर बोलताना एकाग्रतेच्या सोबतीला त्यांनी जीवनाची परिमितता ठेवली आहे. परिमितता म्हणजे मोजून-मापून जगणं. आपल्या आजच्या श्लोकाचंच हे दुसरं नाव.

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. 1938 मध्ये त्यांची तब्येत फार खालावली होती. ते पवनारला धाम नदीकाठी राहायला गेले, डोक्यावरची कामं बाजूला ठेवली आणि शेतात कुदळ घेऊन खणायला लागले. पहिल्या दिवशी फक्त पाच मिनिटं. मग रोज थोडं थोडं वाढवत, मधे मधे थांबत. शरीर हळूहळू भरून आलं. पुढे 1951 मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, भूदानासाठी ते चालायला लागले आणि जवळजवळ तेरा वर्षं चालत राहिले. पोटाच्या जुन्या दुखण्यामुळे आहार अगदी मोजका, पण पाय थांबले नाहीत.

जिमच्या पहिल्याच दिवशी दोन तास घाम गाळून आठवडाभर आडवं पडणाऱ्या आपल्या पिढीने ही पाच मिनिटं नीट लक्षात ठेवायला हवीत.

दुसरे पांडुरंगशास्त्री आठवले. जन्म रोह्याचा, 19 ऑक्टोबर 1920. त्यांनी घरोघरी पोचवलेली त्रिकाळ संध्या म्हणजे दिवसातून तीन वेळा देवाची आठवण : उठताना, जेवताना आणि झोपताना. तुम्ही स्वाध्यायी असा किंवा नसा, या तीन वेळा मला फार उपयोगी वाटतात. कारण नवीन सवय लावायची तर ती कशाला तरी बांधावी लागते, आणि उठणं-जेवणं-झोपणं कुणालाच चुकत नाही.

"बाप्पाची सेवा आहे, दुखणारच"

आता माझ्या मामीबद्दल. हमरापूर-जोहे भागात घराघरात गणपतीचे कारखाने. मामी गेली वीस वर्षं मूर्तींचं रंगकाम करते. सोवळं-पितांबर, दागिने, आणि आता हात इतका बसलाय की डोळ्यांची आखणीसुद्धा तिच्याकडे येते. जमिनीवर बसायचं, मान खाली, उजवा हात अधांतरी, श्वास रोखून बारीक ब्रश. सीझन तोंडावर आला की रात्रीचे बारा वाजतात.

तीन वर्षांपूर्वी तिचा उजवा खांदा धरला. आधी वेणी घालता येईना, मग दोरीवर कपडे टाकता येईनात. तिचा उपाय एकच, दुपारी चहासोबत दुखण्याची गोळी, तीही उपाशीपोटी. मी म्हटलं, "मामी, डॉक्टरला दाखव गं." तर म्हणाली, "अगं बाई, बाप्पाची सेवा आहे ही. एवढं दुखणारच. ते पण त्यालाच वाहायचं."

यावर पटकन काही बोलता येत नाही. तिची श्रद्धा खरी, आणि घर त्या हातावर चालतं हेही खरं. चार दिवस बसली तर चार दिवसांची मजुरी गेली.

इथे मला सतराव्या अध्यायातले ते दोन श्लोक आठवले. शास्त्रात न सांगितलेलं घोर तप करून जे शरीराला पिळतात, ते शरीराच्या आत राहणाऱ्या मलाही पिळतात, असं भगवान तिथे म्हणतात. तिथे रोख दंभ आणि हट्ट यांवर आहे, आणि मामीत दंभ तिळभर नाही. पण आत कोण राहतो हे मात्र तोच श्लोक सांगतो. मी तिला एवढंच विचारलं, "मामी, मूर्तीला तडा गेला तर तू तसाच रंग मारतेस का?" ती म्हणाली, "छे! आधी तडा बुजवायचा, वाळू द्यायचं, मग रंग." मी म्हटलं, "मग ही मूर्ती कुणाची?"

ती हसली. दुसऱ्या दिवशी नाही, पण आठवड्याने पेणला डॉक्टरकडे आली. खांदा आखडला होताच, शिवाय रक्तातलं हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं. "दमायला होतं" हे ती वर्षानुवर्षं कामावर ढकलत होती. ती काही एकटी नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. मैत्रिणींनो, सततच्या थकव्याला आळस म्हणण्याआधी एकदा रक्त तपासून घ्या.

डॉक्टरांनी औषधं दिली, व्यायाम दाखवले. बाकीचं घरात बसवलं ते त्या तीन वेळांना बांधून.

उठताना

डोळे उघडले की तळहात बघून देवाचं नाव. मग मोबाईलला हात न लावता भिंतीजवळ. बोटं भिंतीवर मुंगीसारखी वर चढवायची, जिथे ताण लागतो तिथे थांबायचं, पुन्हा खाली. मामीने पहिल्या दिवशी जिथवर हात गेला तिथे खडूने रेघ मारली.

त्यानंतर चालणं. पाठदुखीत "पडून राहा" हा सल्ला आता जुना झाला. 2024 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या 701 जणांवर तो होता. ज्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस, अर्ध्या तासापर्यंत चालायला शिकवलं, त्यांची कंबरदुखी साधारण 208 दिवसांनी परत आली. बाकीच्यांची 112 दिवसांनी. चालायला पैसे लागत नाहीत. रोह्यात कुंडलिकेकाठी चाला, नाहीतर सोसायटीच्या गच्चीवर. नामस्मरण करत चाललात तर वेळ मोजावा लागत नाही, दोन-चार माळा झाल्या की समजायचं. हाच तो "विहार".

जेवताना

हात जोडायचे, मग घास घ्यायचा. हात जोडलेले असले की निदान तेवढा वेळ स्क्रीन सुटते.

आपल्याकडचं जुनं खाणं काही वाईट नव्हतं. नाचणीची भाकरी किंवा आंबील : शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. कुळथाचं पिठलं, वालाचं बिरडं, पालेभाजी. वर लिंबू पिळायचं किंवा आवळा खायचा, कारण क जीवनसत्त्वामुळे डाळी-भाज्यांमधलं लोह शरीरात चांगलं जिरतं. उलट जेवणाबरोबर चहा घेतला तर ते कमी जिरतं. मामीचा चहा सोडवणं कुणालाच जमलं नसतं! तो फक्त जेवणापासून तासभर लांब नेला. आणि दुखण्याची गोळी उपाशीपोटी नाही, स्वतःच्या मनाने रोज तर नाहीच. पोटावर आणि मूत्रपिंडावर तिचा भार पडतो.

उपवास करणाऱ्यांनीही हा श्लोक पुन्हा वाचावा. दिवसभर चहा आणि संध्याकाळी साबुदाण्याचे वडे, यात "फार" आणि "मुळीच नाही" दोन्ही टोकं एकाच दिवसात येतात.

कामाच्या मधे

श्लोकातली तिसरी गोष्ट कामातली धडपड. कारखान्यात मामीने एक नियम केला. एक मूर्ती झाली की ब्रश धुवायला स्वतः उठायचं. ब्रश तसाही धुवायचाच असतो. उठून खांदे मागे फिरवायचे, मान हळूच वर करायची, पाणी प्यायचं. मूर्ती खाली ठेवायच्या ऐवजी पाटावर उंच ठेवली, म्हणजे मान कमी वाकते. आपल्यासाठी हेच म्हणजे लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं आणि प्रत्येक मीटिंगनंतर दोन मिनिटं उभं राहणं.

झोपताना

संध्याकाळी शेक. आमच्याकडे निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधतात आणि शेकतात. साध्या गरम पाण्याच्या पिशवीनेही स्नायू सैल होतात. आराम तात्पुरता असतो, पण झोप लागायला तेवढा पुरतो. कातडी भाजेल इतका गरम नको, मधुमेह असेल तर जास्तच जपून.

मोठ्या माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन रात्री अकराच्या सुमारासही अंगात असतं, म्हणून ते दुपारीच संपवा. दिवा मालवायच्या आधी दिवसभराचं सगळं त्याच्या पायाशी ठेवा, आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत.

जिथे घरगुती उपाय थांबतात

हे मी स्पष्ट लिहिते. पाठदुखीबरोबर पाय लुळा पडत असेल, बधिरपणा वाढत असेल, लघवी-शौचावरचा ताबा जात असेल, ताप असेल, विनाकारण वजन उतरत असेल, किंवा छातीतून हातात-जबड्यात कळ जात असेल, तर शेक, लेप, जप यांवर वेळ घालवू नका. लगेच दवाखाना गाठा. डॉक्टरकडे जाण्याने श्रद्धा कमी होत नाही. अश्विनीकुमार देवांचेही वैद्यच होते.

मामीचं दुखणं पूर्ण गेलं का? नाही. सीझनमध्ये खांदा अजून कुरकुरतो. पण भिंतीवरच्या खडूच्या रेघा सहा महिन्यांत वितभर वर गेल्या, आणि वेणी ती पुन्हा स्वतः घालते. मागच्या वर्षी तिने कारखान्यातल्या तीन पोरींनाही ब्रश धुवायला उठायची सवय लावली. म्हणते, "त्यांचं तरी माझ्यासारखं व्हायला नको."

आजचा संकल्प

सगळं एकदम करू नका. विनोबांची पाच मिनिटं आठवा. या तिन्हींतलं एकच निवडा आणि एकवीस दिवस तेवढंच करा :

1. उठल्यावर मोबाईलआधी दहा मिनिटं नाम घेत चालणं.
2. जेवणाआधी हात जोडणं, जेवणासोबत चहा आणि स्क्रीन बंद.
3. रोज ठरलेल्या वेळी दिवा मालवणं.

आजचा प्रश्न : आहार, विहार, काम आणि झोप, या चारांपैकी माझं माप सगळ्यात जास्त कुठे सुटलंय? वहीत एका ओळीत लिहून ठेवा.

प्रार्थना : हे योगेश्वरा, हे शरीर तू वापरायला दिलेलं आहे. त्याला लाडावून ठेवण्याची आणि पिळून काढण्याची, दोन्ही बुद्धी मला देऊ नकोस. तुझ्या कामाला उद्या सकाळी उठता येईल एवढं बळ दे, आणि शेजारच्याचा दुखरा हात मला दिसू दे.

उद्या याच अध्यायात पुढे जाऊ, वारा नसलेल्या जागी ठेवलेल्या दिव्याकडे. आज मात्र वेळेवर झोपा.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥