अडथळ्यांची शर्यत

शाळेच्या क्रीडामहोत्सवात तुम्ही धावण्याची शर्यत पाहिली असेलच. तुमच्यापैकी काही जण तीत धावलेही असतील. ('शर्यत' हा शब्द तुमच्या ओळखीच्या 'शर्त' या शब्दाचाच भाऊबंद आहे. म्हणून तो वेगळा पाठ करू नका.) आज मी तुम्हांला एका फार कठीण शर्यतीविषयी सांगणार आहे. तिचे नाव स्टीपलचेस.

ही शर्यत ३००० मीटरची असते. वाटेत २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. इतर अडथळ्यांच्या शर्यतींत पाय लागला, तर अडथळा आडवा पडतो आणि धावणारा पुढे जातो. इथला अडथळा जड व भक्कम असतो. पुरुषांसाठी त्याची उंची ९१.४ सेंटिमीटर असते. तो पडत नाही, धावणारा पडतो! मात्र त्याच्यावर पाय ठेवून पलीकडे जाण्यास परवानगी असते. पाण्याच्या खड्ड्यात अडथळ्याजवळ पाणी खोल असते आणि पुढे ते उथळ होत जाते. ज्याची उडी आखूड पडते, तो खोल पाण्यात अडकतो.

या शर्यतीत आपल्या महाराष्ट्राचा अविनाश साबळे जगभर ओळखला जातो. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा हे त्याचे गाव. आईवडील शेतकरी. शाळा घरापासून सुमारे ६ किलोमीटर दूर. ते अंतर तो कधी चालत, कधी धावत जाई. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. तेथे त्याने सियाचीनची थंडी पाहिली आणि राजस्थानचे ऊनही सोसले. स्टीपलचेसकडे तो वळला, तो त्यानंतर.

आता कागद-पेन्सिल घ्या. २०१८ साली भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंदांत ही शर्यत पूर्ण करून ३७ वर्षांचा जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२४ साली पॅरिसच्या डायमंड लीग स्पर्धेत त्याची वेळ होती ८ मिनिटे ९.९१ सेकंद. वजाबाकी करा. सहा वर्षांत वीस सेकंदसुद्धा कमी झाले नाहीत! वर्षाला सरासरी साडेतीन सेकंदही नाहीत. एवढ्यासाठी तो वर्षानुवर्षे पहाटे उठून धावला.

मधल्या काळात काय झाले, तेही पाहा. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने नवा राष्ट्रीय विक्रम केला, तरी अंतिम फेरीत त्याला प्रवेश मिळाला नाही. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या अब्राहम किबिवोटने त्याला अवघ्या ०.०५ सेकंदाने मागे टाकले. अविनाशला रौप्यपदक मिळाले. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मात्र त्याने सुवर्णपदक जिंकले. मला स्वतःला टोकियोची हकीकत पदकांपेक्षा मोठी वाटते. आजवरची सर्वांत चांगली धाव घेऊनही तो बाहेर राहिला आणि पुन्हा सरावाला लागला.

बर्मिंगहॅमच्या त्या शर्यतीचा हिशोब केला, तर दर ४०० मीटरला सरासरी साडेपासष्ट सेकंद पडतात. लहानपणी मी तालुक्याच्या स्पर्धेत १५०० मीटर धावलो होतो. पहिली फेरी अशी धावलो, जणू शर्यत तेवढीच होती. तिसऱ्या फेरीत कुशीत कळ आली आणि शेवटून दुसरा आलो. तुम्ही जूनमध्ये रोज पाच तास अभ्यासाचे वेळापत्रक भिंतीवर लावता आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्या कागदावर धूळ बसते. ते पाहिले, की मला माझी ती पहिली फेरी आठवते.

माझा एक विद्यार्थी दहावीला फक्त मराठीत नापास झाला. त्याला आयटीआयमध्ये वीजतंत्री व्हायचे होते. शिवणकाम करणाऱ्या वडिलांनी त्याला दुकानात बसवले. पुरवणी परीक्षेत तो दोन गुणांनी राहिला. त्या दिवशी तो माझ्याकडे येऊन काही न बोलता बसला. त्याची उत्तरे मी तपासली होती, म्हणून त्याचा अडथळा मला माहीत होता. उर्दूत दोनच लिंगे, मराठीत तीन. आपण उर्दूत 'दुकान' स्त्रीलिंगी बोलतो, मराठीत 'ते दुकान' म्हणावे लागते. हा अडथळाही पडत नाही. त्याच्यावर पाय ठेवूनच पलीकडे जावे लागते. मी त्याला म्हटले, "रोज पाचच शब्द. तेही तुझ्या दुकानातले." त्याने लिहिले : ते कापड, ते बटण, ते अस्तर, ते माप, ते यंत्र. दुसऱ्या दिवशी आणखी पाच. शब्द संपले, तेव्हा वाक्ये सुरू झाली. आठवड्याला शुक्रवारी तो वही दाखवून जाई. पुढच्या परीक्षेत त्याला ४७ गुण मिळाले.

आता तो आयटीआयमध्ये शिकतो आणि संध्याकाळी वडिलांना हातभार लावतो. परवा मी शिवायला टाकलेला सदरा आणायला गेलो. ती वही तेथेच होती, मापांच्या वहीच्या शेजारी.

"सर, सदरा झाला आहे," तो म्हणाला. मग जरा थांबून, सावकाश म्हणाला, "पण एक बटण राहिले आहे."