पोलिओचे दुखणे

मुलांनो, तुमच्या धाकट्या भावंडाच्या तोंडात पोलिओ लसीचे दोन थेंब घालून त्याच्या करंगळीवर शाईची खूण केलेली तुम्ही पाहिली असेल. हा खटाटोप ज्या रोगासाठी, तो अतिसूक्ष्म विषाणूपासून होतो. दूषित पाण्यावाटे किंवा अस्वच्छ हातांवाटे विषाणू पोटात जातो व आतड्यात वाढतो. बहुतेक मुलांना त्याचा पत्ताही लागत नाही. परंतु सुमारे दोनशेंत एखाद्याच्या मज्जारज्जूवर तो घाला घालतो. मग ताप उतरतो, पाय मात्र कायमचा लुळा पडतो.

पूर्वी असे दुखणे घरात शिरले की ते एकट्या मुलाचे राहत नसे. आई त्याला कडेवर घेऊन शाळेत पोचवी. तिची मजुरी बुडे. मूल वाढे, तसे ओझेही वाढे. वडील औषधोपचारांसाठी कर्ज काढीत. कोठे थोरली बहीण त्याला सांभाळण्यासाठी शाळा सोडी; तिला तर रोग झालेलाही नसे! त्यातच शेजारीपाजारी ‘पूर्वजन्मीचे पाप’ म्हणून कुजबुजत. विषाणूला पापपुण्य कोठले कळणार? पण त्या बोलण्याने आईची मान खाली जाई, हे खरे.

जोनास साल्क यांची लस १९५५ साली अमेरिकेत वापरात आली. तोंडावाटे देण्याची लस त्यानंतर आल्बर्ट सेबिन यांनी सिद्ध केली. भारतात १९९५ पासून पल्स पोलिओ मोहीम चालली. जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यातील एका लहान मुलीला हा रोग झाला. त्यानंतर नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण देशात आढळलेला नाही. त्याआधीची मुले आता मोठी झाली आहेत. त्यांतील कित्येक आजही कुबड्यांच्या आधाराने चालतात.