दारावरचा खराटा : जर्मनीतल्या एका घरगुती वाइनघराचा इतिहास



'तुमच्या घराचा इतिहास लिहून आणा' असं वर्गात सांगितलं की हमखास एक उत्तर येतं, "सर, आमच्या घराला कसला इतिहास? आम्ही नुसती शेती करतो." या उत्तराचं काय करायचं? इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि सनावळ्या असं मुलांच्या मनात बसलेलं असतं. आज आपण जर्मनीतल्या द्राक्ष शेतकऱ्याच्या घराचा इतिहास वाचायला शिकू या. तो जमला की आपल्या घराचाही जमेल.

खराटा कशासाठी?

जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात नेकार नदीकाठी हाइलब्रॉन नावाचं शहर आहे. भोवतालच्या उतारांवर द्राक्षमळे आहेत. तिथे वर्षातले काही आठवडे एखाद्या शेतकऱ्याच्या दाराबाहेर खराटा टांगलेला दिसतो. त्याचा अर्थ, 'आमची वाइन तयार आहे, या बसायला.' अशा जागेला तिकडे 'बेझनविर्टशाफ्ट' म्हणतात. 'बेझन' म्हणजे खराटा.

हा आपल्याकडचा दारूचा गुत्ता नव्हे. घरगुती खाणावळीच्या जवळ जाणारी ही जागा आहे. पूर्वी घरातली राहती खोली रिकामी करायची, बाकं मांडायची आणि पाहुण्यांना आपल्याच मळ्यातली वाइन, आंबवलेला कोबी, मांसाचे साधे पदार्थ द्यायचे. वाढणारी घरचीच माणसं. नियमही ठरलेला : वाइन स्वतःच्या मळ्यातलीच हवी, साधारण ४० जणच बसतील एवढी जागा आणि वर्षातून जास्तीत जास्त चार महिने, तेही दोन हप्त्यांत. खराटा उतरला की घर पुन्हा शेतकऱ्याचं!

दंतकथा की पुरावा?

ही परवानगी सम्राट शार्लमेनने दिली, असं तिकडे कौतुकाने सांगतात. इसवी सन ८०० च्या सुमाराच्या त्याच्या आज्ञापत्रात, ज्यांच्याकडे द्राक्षवेली आहेत त्यांनी द्राक्षांचे तीन-चार हार ठेवावेत, अशा अर्थाचं वाक्य आहे. पण त्यात वाइन विकण्याचा किंवा पाहुण्यांचा उल्लेखच नाही! मुलांना इथेच थांबवून विचारा, "कागदात काय लिहिलंय आणि लोकांनी त्यात काय वाचलं?" इतिहासाचा पहिला धडा तोच.

एका घराच्या पिढ्या

आता या भागातलं एक शेतकरी घर डोळ्यांसमोर आणा आणि एकेक पिढी खाली उतरू या.

वाटणी : वुर्टेम्बर्गच्या या भागात वडिलांची जमीन सगळ्या मुलांत, मुलींसकट, सारखी वाटायची रीत होती. फळ्यावर हिशोब मांडा. ८० गुंठे, चार मुलं, प्रत्येकी २०. पुढच्या पिढीत पुन्हा चार मुलं, प्रत्येकी ५ गुंठे. त्यात लग्नानंतर बायकोच्या वाट्याचा तुकडा दुसऱ्याच उतारावर. एवढ्याशा मळ्यावर पोट भरत नाही. मग पिंपं व्यापाऱ्याला पडत्या भावात देण्यापेक्षा पेल्यापेल्याने घरीच विकली, तर दोन पैसे जास्त मिळतात. खराट्यामागचं गणित हे आहे.

दुष्काळ : १८१५ साली इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला. पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. पिकं बुडाली, द्राक्षं पिकली नाहीत. १८१७ मध्ये लोक गाठोडी बांधून अमेरिकेकडे निघाले. तेव्हा सरकारने फ्रीडरिश लिस्ट या अधिकाऱ्याला, जो पुढे मोठा अर्थतज्ज्ञ झाला, हाइलब्रॉनला पाठवलं. त्याने निघालेल्या लोकांना एकच विचारलं, "का जाता?" उत्तरांत करांचा बोजा होता, अधिकाऱ्यांचा जाच होता. साध्या माणसांची तोंडी उत्तरं कागदावर आली आणि तीच आज इतिहासाचं साधन आहेत.

कीड : नंतर अमेरिकेतून फिलॉक्सेरा ही मुळं खाणारी बारीक कीड आली. १८७४ मध्ये ती जर्मनीत सापडली. उपाय अमेरिकेच्याच वेलीत मिळाला : मुळं अमेरिकन, वर कलम युरोपीय जातीचं. आपल्या नाशिक-सांगलीचे बागायतदारही डॉगरीज नावाच्या अमेरिकन खुंटावरच कलम करतात. इथे मुख्य कारण खारट पाणी आणि पाण्याची टंचाई. द्राक्षपट्ट्यातल्या मुलांना हे लगेच कळेल.

एकत्र येणं : १८६८ मध्ये शेजारच्या वाइन्सबर्ग गावात द्राक्षशेतीची शाळा निघाली. १८८८ मध्ये हाइलब्रॉनच्या द्राक्ष शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली. एकट्याला न परवडणारं तळघर आणि यंत्र सगळ्यांनी मिळून घेतलं. साखर कारखाना बघितलेल्या मुलांना सहकार वेगळा शिकवावा लागत नाही.

युद्ध : ४ डिसेंबर १९४४ च्या रात्री विमानहल्ल्यात जुनं हाइलब्रॉन जळून गेलं. साडेसहा हजारांहून जास्त माणसं गेली. शहर पुन्हा उभं राहिलं. युद्धानंतर या भागात विखुरलेले तुकडे एकत्र करून मळ्यांची नव्याने आखणीही झाली. आपल्याकडे १९४७ चा तुकडेबंदी कायदा याच दुखण्यावरचा. घरी सातबारा काढून बघा, शेजारी किती नावं आहेत ते!

वर्गात काय करायचं?

मुलांना घरी विचारायला पाच प्रश्न द्या :

१. आपल्या घरात आधी कोणतं काम चालायचं? ते कोणी सुरू केलं?
२. वाटण्या झाल्या का? कोणाच्या वाट्याला काय आलं?
३. कोणत्या वर्षी फार नुकसान झालं? कशामुळे?
४. घरातलं कोण बाहेरगावी गेलं? का?
५. त्या काळाची कोणती वस्तू किंवा कागद अजून घरात आहे?

प्रत्येक उत्तरापुढे 'कोणी सांगितलं' आणि 'कागद आहे का' असे दोन रकाने ठेवा. शार्लमेनची गोष्ट आठवते ना?

काही पालक म्हणतील, "लहान मुलांना वाइनचं कशाला?" शंका रास्त आहे. म्हणून वर्गात 'द्राक्ष शेतकऱ्याचं घर' एवढंच म्हणा. धडा पिण्याचा नाही, कष्टाचा, वाटणीचा आणि तगून राहण्याचा आहे.

आणि पालकांनो, एक विनंती. मूल हे प्रश्न घेऊन आलं की "आमचं काय सांगायचं" म्हणून टाळू नका. आजी-आजोबांना सोबत बसवा. हाइलब्रॉनच्या अशा घरांपुढेही आज तोच प्रश्न आहे : पुढची पिढी मळा कसणार की शहरात नोकरी करणार? मुलांनी कोणती वाट धरावी हे आपण ठरवू शकत नाही. पण मागे काय होतं ते त्यांना माहीत असायला हवं. ते सांगणारी माणसं घरात आहेत, तोवर विचारून घ्या.