करडी बुरशी : वाळल्या पाकळीतून जिवंत झाडात

‘कवके’ हा पाठ आपण वर्गात शिकतोच. आज त्यांपैकी एकाची नीट ओळख करून घेऊ.

करड्या बुरशीचे शास्त्रीय नाव बोट्रायटिस सिनेरिया. ग्रीक भाषेत ‘बोट्रिस’ म्हणजे द्राक्षांचा घड आणि लॅटिनमध्ये ‘सिनेरियस’ म्हणजे राखेच्या रंगाचा. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे बीजाणू खरोखरच घडासारखे लगडलेले दिसतात. गुलाब, टोमॅटो, स्ट्रॉबेरी, द्राक्ष, हरभरा अशा एक हजाराहून अधिक प्रकारच्या वनस्पतींवर ती वाढते.

बीजाणू वाऱ्याबरोबर पसरतात. हवा दमट, पाने बराच वेळ ओली आणि तापमान १५ ते २५ अंश सेल्सिअस असले की ते रुजतात. पुष्कळदा आरंभ पानावर चिकटलेल्या वाळक्या पाकळीवर होतो. तेथे बळ धरून बुरशी जिवंत भागात शिरते. तिची विकरे व विषारी द्रव्ये पेशी मारतात आणि त्या मृत पेशींवर ती पोसते. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की आरएनएचे लहान तुकडे वनस्पतीच्या पेशीत पाठवून ती तिची प्रतिकारशक्तीही दाबते. प्रतिकूल काळात ती काळ्या, टणक गाठींच्या रूपात टिकून राहते.

माळव्यातील हिवाळा कोरडा असतो, म्हणून आपल्या हरभऱ्याला तिचा त्रास कमी. नेपाळच्या तराईत मात्र धुके व दव फार. तेथे १९९७-९८ च्या हंगामात या रोगाने हरभऱ्याचे पीक बुडाले. फुले कुजली, घाटे धरलेच नाहीत. अनेक शेतकऱ्यांनी हरभरा पेरणेच सोडले. पुढे हैदराबादजवळील इक्रिसॅट संस्था व नेपाळचे कृषी संशोधक यांनी शेतकऱ्यांसह उपाय केले : ओळींत जास्त अंतर, बीजप्रक्रिया, ‘अवरोधी’ हे रोग सोसणारे वाण आणि गरजेपुरतीच फवारणी. हरभरा शेतात परतला.

यातून आपण काय घ्यावे? केवळ औषधावर विसंबू नये. स्वच्छता आणि खेळती हवा हेही उपायच आहेत. शाळेच्या बागेत आपण एवढे करू :

१. पाणी सकाळी व मुळाशी घालू.
२. वाळलेली फुले, कुजकी पाने रोज वेचून बागेबाहेर टाकू.
३. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवणार नाही.

पालकांनीही घरच्या कुंड्यांची अशी काळजी मुलांकडूनच करवून घ्यावी, ही विनंती.

विचार करा : दाट पेरणीचा फायदा बुरशीला का होतो?