समस्थानिकांची खूण आणि ऊतींची रचना

एकाच मूलद्रव्याच्या सर्व अणूंत प्रोटॉनांची संख्या समान असते. न्यूट्रॉनांची मात्र वेगळी असू शकते. अशा अणूंना समस्थानिके म्हणतात. कार्बन-12 मध्ये सहा न्यूट्रॉन असतात, कार्बन-13 मध्ये सात. दोहोंचे रासायनिक वर्तन जवळजवळ सारखेच असल्याने शरीर त्यांत फारसा भेद करीत नाही. म्हणूनच जड समस्थानिक अन्नातून दिले, तर ते खुणेसारखे ऊतींत जाऊन बसते.

1935 साली कोलंबिया विद्यापीठात रुडॉल्फ शोनहायमर आणि डेव्हिड रिटेनबर्ग यांनी जड हायड्रोजनयुक्त मेद उंदरांना खाऊ घातला. त्याचा मोठा भाग लगेच खर्ची न पडता शरीराच्या मेदसाठ्यात आढळला. पुढे नायट्रोजन-15 च्या साहाय्याने ऊतींतील प्रथिनेही सतत बदलत असतात, हे सिद्ध झाले.

अणू कोठे गेला, हे यातून कळले. परंतु तेथे त्याचे शेजारी कोण, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन, म्हणजेच एनएमआर, ही पद्धती देते. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवलेले अणुकेंद्रक रेडिओलहरींना प्रतिसाद देते आणि भोवतालच्या रचनेनुसार तो प्रतिसाद किंचित बदलतो. अडचण अशी, की कार्बन-12 चे केंद्रक असा प्रतिसाद देतच नाही आणि निसर्गात कार्बन-13 चे प्रमाण अवघे 1.1 टक्का आहे. असे दोन अणू लगत येण्याची शक्यता दहा हजारांत एखादीच. मग शेजार ओळखावा कसा? आहारातून हे प्रमाण वाढविले, की शेजारी अणूंचे परस्परसंबंध उमटू लागतात.

हाड किंवा त्वचा यांतील कोलॅजेन हे प्रथिन सहज विरघळत नाही. ते वेगळे काढू गेल्यास ऊतीतील मूळ मांडणीच मोडते. घन-अवस्था एनएमआरमुळे मात्र ऊती आहे तशीच तपासता येते. केंब्रिज विद्यापीठातील मेलिंडा ड्युअर आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात कार्बन-13 व नायट्रोजन-15 युक्त आहारावर वाढविलेल्या उंदराच्या ऊतींचे वर्णपट मिळविले. प्रयोगशाळेत पेशींपासून वाढविलेली ऊती नैसर्गिक ऊतीशी कितपत जुळते, हे त्यांच्याशी ताडून पाहता आले. अस्थींच्या खनिजीभवनात पॉली-एडीपी-रायबोज या रेणूचा सहभाग असावा, असेही त्यातून सूचित झाले.

या तुलनेचे मोल दुहेरी आहे. पेशींपासून वाढविलेली ऊती खरीखुरी ठरली, तर पुढील अनेक प्रश्न तिलाच विचारता येतील आणि प्रत्येक प्रश्नासाठी नव्या प्राण्याचा जीव घ्यावा लागणार नाही. ज्ञान वाढावे आणि त्यासाठी लागणारी हिंसा घटावी, ही दोन्ही उद्दिष्टे येथे एकाच वाटेवर येतात. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने पद्धतीइतकेच हेही ध्यानी ठेवावे.