मोबाइलमधील चित्रफीत घरच्या डीव्हीडी प्लेअरवर : एक अभ्यासपाठ

७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत दादर चौपाटीवर बाबासाहेबांना अखेरचा निरोप देण्यात आला. त्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण नामदेव व्हटकर यांनी स्वतःच्या हिमतीवर केले. ती रिळे त्या काळच्या प्रक्षेपकासाठी होती. आज ती दृश्ये आपण टीव्हीवर आणि मोबाइलवर पाहू शकतो, याचे कारण मधल्या काळात ती एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात नेली गेली. चित्रीकरण करणे हे अर्धे काम आहे. ते पाहणाऱ्याच्या घरातील यंत्रावर उमटेल अशा रूपात पोहोचवणे हे उरलेले अर्धे. प्रस्तुत पाठ या दुसऱ्या अर्ध्याविषयी आहे.

आमची चूक

हा विषय आम्हाला शिकवला तो आमच्याच चुकीने. काही वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण मोबाइलवर करून आम्ही पालकांसाठी ३० डीव्हीडी केल्या. केल्या म्हणजे काय, तर संगणकावरील फाइल जशीच्या तशी डिस्कवर उतरवली. शाळेच्या संगणकावर चित्र उत्तम दिसले, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. भाटघर धरणाच्या पाण्यापलीकडील एका वाडीत मात्र आजीबाईंनी नातीचे भाषण पाहण्यासाठी शेजारपाजार गोळा केला होता. डिस्क आत गेली, थोडी घरघरली आणि पडदा निळाच राहिला. सुट्टीनंतर मुलीकडून निरोप आला, ‘‘पोरीचं भाषण डब्यातच अडकलं, गुरुजी.’’ बहुतेक डिस्क अशाच परत आल्या.

भाषण मोबाइलवर का पाठवले नाही, असे कोणी विचारील. राजगड-तोरण्याच्या पायथ्याची खोरी आणि हिर्डस मावळ ज्यांनी पाहिले आहे, त्यांना डोंगराआड गेलेली रेंज ठाऊक आहे. शिवाय अनेक घरांत जुना टीव्ही व डीव्हीडी प्लेअर अजून चालू आहे आणि वडीलधाऱ्यांच्या बोटांना त्याची बटणे सवयीची आहेत.

प्लेअरला फाइल का वाचता येत नाही?

संगणकातील चित्रफीत सांकेतिक लिपीत लिहिलेली असते. डीव्हीडी १९९६ साली बाजारात आली. तिच्या नियमांनुसार चित्राची लिपी एमपेग-२ ही आहे. आजच्या मोबाइलमध्ये सर्रास वापरली जाणारी एच-२६४ ही लिपी २००३ साली प्रमाणित झाली. साधा प्लेअर ती शिकलेलाच नाही. मोडी न शिकलेल्या माणसापुढे मोडी कागद ठेवावा, तसा हा प्रकार आहे. कागद चांगला असतो, अक्षरही चांगले असते, पण वाचता येत नाही.

फरक केवळ लिपीचा नाही. भारतात टीव्हीची पद्धत पाल आहे. पाल डीव्हीडीचे चित्र ७२० × ५७६ बिंदूंचे असते आणि सेकंदाला २५ चित्रे दाखवली जातात. मोबाइलचे चित्र बहुधा १९२० × १०८० बिंदूंचे, म्हणजे बरोबर पाचपट बिंदूंचे असते आणि सेकंदाला साधारण ३० चित्रांचे असते. आवाज सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा लागतो. शिवाय प्लेअर डिस्कमध्ये ‘व्हिडिओ_टीएस’ या नावाचा फोल्डर शोधतो. तो नसेल, तर साधा प्लेअर चित्र दाखवत नाही. काही प्लेअरांवर डिव्हएक्सची खूण किंवा यूएसबीची खाच असते. ते काही फाइली थेट दाखवतात, पण सर्व घरांत तसा प्लेअर असेल असे धरून चालू नये.

तीन वेगळी कामे

एकाच ‘डीव्हीडी करणे’ या शब्दात तीन कामे दडलेली आहेत. पहिले, लिपी बदलणे म्हणजे रूपांतर. दुसरे, रूपांतरित चित्राची प्रकरणे व मेनू यांसह डीव्हीडीच्या नियमाने मांडणी करणे. तिसरे, ती मांडणी कोऱ्या डिस्कवर बर्न करणे. आम्ही फक्त तिसरे केले होते. डीव्हीडीस्टाइलर या विनामूल्य प्रणालीत तिन्ही कामे होतात. हँडब्रेक ही प्रणाली लोकप्रिय असली तरी ती डीव्हीडीची मांडणी करून देत नाही, हे ध्यानात ठेवावे.

किती वेळाचे चित्र मावेल?

येथे थोडे गणित करावे लागते. साध्या डिस्कची क्षमता ४.७ गिगाबाइट, म्हणजे सुमारे ३७,६०० मेगाबिट असते. तिला कार्यक्रमाच्या सेकंदांनी भागले की दर सेकंदाच्या वाट्याला किती जागा येते ते कळते. कार्यक्रम दोन तासांचा, म्हणजे ७,२०० सेकंदांचा असेल तर उत्तर ५.२ येते. थोडी जागा राखून चित्र व आवाज मिळून ५ मेगाबिट ठेवावे. तीन तासांचा कार्यक्रम कोंबला तर वाट्याला जेमतेम ३.५ येते आणि लेझीमसारख्या जलद हालचालींत चित्राचे चौकोन पडतात. अशा वेळी दोन डिस्क कराव्यात. एका तासाच्या कार्यक्रमाला गणिताने १० च्या वर येते, पण चित्राची नियमातील मर्यादा ९.८ आहे आणि जुने प्लेअर तिच्या जवळ अडखळतात. ७ ते ८ पुरे.

कामाचा क्रम

१. मूळ फाइलची प्रत काढावी. काम प्रतीवर करावे.

२. नको असलेला भाग आधी कापावा. रूपांतर एकदाच करावे, कारण प्रत्येक रूपांतरात चित्राची थोडी झीज होते.

३. प्रणालीत ‘पाल’ निवडावे. मोबाइल आडवा धरून घेतलेल्या चित्रासाठी १६:९ हे प्रमाण निवडावे. उभ्या चित्राला दोन्ही बाजूंस काळे पट्टे येऊ द्यावेत. ताणून बसवले तर माणसे जाड दिसतात.

४. मोबाइल चित्रांचा वेग मधेच कमीजास्त करतो. त्यामुळे रूपांतरानंतर ओठ व आवाज जुळतात का, हे शेवटच्या पाच मिनिटांत तपासावे. चूक असेल तर ती शेवटी अधिक दिसते.

५. मेनू मराठीतच करावा. तो डिस्कवर चित्ररूपाने जातो, त्यामुळे प्लेअरला देवनागरी येत नसली तरी अक्षरे दिसतात. जुने टीव्ही कडा कापतात, म्हणून अक्षरे कडेपासून आत घ्यावीत.

६. बर्न करताना वेग कमी ठेवावा आणि शेवटी ‘फायनलाइझ’ करावे. त्याशिवाय अनेक प्लेअर डिस्क स्वीकारत नाहीत.

७. पहिली डिस्क आपल्याकडील सर्वांत जुन्या प्लेअरवर पूर्ण पाहावी. मगच उरलेल्या काढाव्यात.

दुसऱ्या खेपेस आम्ही हा सातवा नियम पाळला. या वेळी वाडीतून निरोप आला की भाषण दोनदा लावले.

मूळ जपावे

डीव्हीडी पोहोचवण्यासाठी आहे, जपण्यासाठी नाही. तिच्यात मूळ चित्राचा एक पंचमांशच तपशील उरतो. आपल्याकडील पावसाळी ओल डिस्कला मानवत नाही आणि वर चिकटवलेली कागदी पट्टी तिचा तोल बिघडवते. म्हणून मूळ फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागापासून जात्यावरच्या ओव्यांचे संकलन केले. त्यात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या आणि बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यांत आहेत. ध्वनिफितींवरचे ते आवाज आज संगणकावर ऐकता येतात, कारण मूळ फिती कोणी टाकून दिल्या नाहीत.

माजी विद्यार्थ्यांच्या जुन्या मोबाइलमध्ये आजी-आजोबांची गाणी, वस्तीतील जयंती आणि शाळेतील दिवस पडून असतील. मोबाइल बंद पडण्याआधी त्या फाइली बाहेर काढाव्यात, त्यांवर दिनांक व गावाचे नाव लिहावे आणि एक प्रत शाळेकडे द्यावी. त्यांच्या डिस्क काढण्याचे काम आमचे विद्यार्थी करतील. ते आता त्यांना येते.